विमानाच्या शेपटीतली घडी

फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी, उकडलेल्या हळदीचा वास साऱ्या हिंगोलीवर पसरलेला असताना, शेजारच्या ओसरीवरून सळसळ ऐकू आली की समजावं, रशीदाखालाने पांढरं कापड उलगडलं. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. सुई ओवताना ती मान किंचित तिरकी करते आणि नजरेचं उरलेलं काम बोटांवर सोपवते.

नवऱ्याच्या नोकरीमागे ती तरुणपणी दूरच्या शहरी गेली आणि तिथल्या विमानांच्या कारखान्यात शिवणकामाला लागली. तिथे प्रयोगादाखल एक लढाऊ विमान घडलं होतं. पंख मागे नव्हे, पुढे झुकलेले, उलटे जोडलेत की काय असं वाटावं. उतरताना मागे उघडून त्याचा वेग आवरणारं पॅराशूट खालाने शिवलेलं. विमान मोजक्या वेळा उडालं, दर वेळी धडधाकट परतलं. पण तसं दुसरं कधी बनलंच नाही. गावात कुणी खवचटपणे विचारलंच, कुठं गेलं तुमचं विमान, तर खाला पदर सावरून हसते. त्या हसण्यात खंत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

यंदा एका संग्रहालयातून तिला फोन आला. ते एकुलतं विमान मांडायचं आहे, शेपटीतली पॅराशूटची जागा रिकामी दिसते, पांढऱ्या कापडाचा बोळा पाठवलात तरी चालेल. खालाने डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि खरंखुरं पॅराशूट शिवायला घेतलं. तिथं ते कोण उघडून बघणार आहे, असं मी म्हणालोही.

"उघडणार न्हाई, बराबर हाय," ती सुई न थांबवता म्हणाली. "पन म्हणून खोटं काहून शिवू?"

शिवून झालं, पण उघडून पाहिल्याशिवाय ती पाठवेना. मला धास्ती होती. या डोळ्यांनी शिवलेलं उघडलंच नाही, तर जन्माचा अभिमान एका गुंत्यात अडकायचा. आमच्या हळदीच्या आडतीचा टेम्पो मोकळ्या माळावर नेला. दोर मागे बांधून ती हट्टाने हौद्यात बसली. मी वेग वाढवला, तिने घडी वाऱ्यावर सोडली. क्षणभर नुसती फडफड. मग मागून कुणी धरून ठेवावं तसा टेम्पोला हिसका बसला, हौद्यात साचलेली हळदीची भुकटी उडाली आणि आरशात त्या पिवळ्या धुरळ्यापलीकडे पांढरा शुभ्र घुमट गच्च भरून उभा राहिला. मी टेम्पो थांबवला.

खाला पदराने तोंड पुसत खाली उतरली. "चल," म्हणाली, "आता डोळ्याचं बघू."

घडी घालताना तिने कितीही झटकली, तरी शिवणीत बसलेली हळद काही निघाली नाही. दूरच्या त्या दालनात आता ते विमान निश्चल उभं आहे. खालाच्या वयाची माणसं एकेक करून निघून जातील, कुणाच्या हातची शिवण हेही कुणाला आठवणार नाही, आणि त्या शेपटीतली घडी कुणी कधी ओढणार नाही. पण ओढलीच, तर उघडेल.