भोपळ्यात बसून तळ्यापार

भोपळ्यांच्या शर्यतीत उतरायचं टॅमसिन क्राऊसने ठरवलं ते एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, जेवताना, तोंडात बटाटा असताना. त्यांच्या गावच्या तळ्यावर दर ऑक्टोबरात लोक राक्षसी भोपळे कोरतात, त्यात बसतात आणि वल्हवत पलीकडच्या काठाला जातात. टॅमसिनने ही शर्यत लहानपणापासून धक्क्यावरून पाहिली होती. या वर्षी भोपळा आपणच वाढवायचा आणि आपणच त्यात बसायचं, असं तिने जाहीर केलं आणि ताट अर्धवट टाकून ती मागच्या अंगणात जागा बघायला पळाली.

तिची आई व्हर्ना खुर्चीतून हललीसुद्धा नाही. सतरा वर्षांच्या या पोरीच्या घोषणा तिने पुष्कळ ऐकल्या होत्या. तळघरात एक अर्धवट शिवलेला तंबू पडला होता, शेजारी तारा तुटलेला बँजो आणि मधमाश्यांची रिकामी पेटी. मुलगी हुशार आहे असं शाळेतल्या बाई सांगत, शेजारी सांगत, आणि सगळेच त्याच दमात 'पण' जोडत. एका चाचणीत वर्गात पहिली, तर पुढच्या चाचणीत भोपळा, कारण लिहून झालेली वही ती बसमध्येच विसरलेली. नववीत डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या आणि बराच फरकही पडला. पण गोळीने डोक्यातला गोंगाट कमी झाला, तरी सकाळी उठल्यावर कशाला आधी हात घालायचा हे काही गोळी सांगत नाही. ते सांगायचं काम व्हर्नाने आपल्याकडे घेतलं होतं. दप्तर भरलंस का, डबा घेतलास का, बाईंना विचारलंस का. दिवसभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू असे आणि रात्री दोघी रुसून आपापल्या खोलीत जात.

शेवटी या घोषणेच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांनी कोच शोधली. डोरीन झ्विकर, हॅलिफॅक्स शहरात राहणारी, पन्नाशीतली बाई. डोरीन डॉक्टर नव्हती की शिक्षिकाही नव्हती. एडीएचडी असलेली मुलं, नुकती कामाला लागलेली तरुण माणसं आणि त्यांचे आईबाप यांच्याशी ती दर आठवड्याला संगणकाच्या पडद्यावरून बोलायची आणि रोजचं जगणं कसं रेटायचं ते त्यांचं त्यांना शोधायला मदत करायची. तिला स्वतःलाही एडीएचडी होता. पहिल्याच भेटीत ती चहाचा कप आणायला उठली आणि परत आली ती हातात कुत्र्याचा पट्टा घेऊन. टॅमसिन पोट धरून हसली. त्यांचं तिथेच जमलं.

भोपळ्याची गोष्ट ऐकल्यावर डोरीनने कौतुक केलं नाही आणि शंकाही काढली नाही. तिने एवढंच विचारलं, की या सगळ्यातला कुठला भाग तुला कंटाळा आणणार आहे? असा प्रश्न टॅमसिनला आजवर कोणी केला नव्हता.

"पाणी घालणं," ती म्हणाली. "रोज तेच. जुलैपर्यंत मी मरेन."

"मग पाण्यापासूनच सुरू करू. बी पेरायची मजा तुला शिकवावी लागणार नाही."

मग दोघींनी डोकं लढवलं. फोनचा गजर टॅमसिनने ताबडतोब मोडीत काढला. गजर वाजला की हात डोक्याला न विचारताच तो बंद करून मोकळा होतो, असं तिचं म्हणणं. त्यापेक्षा झारी न्हाणीघराच्या दारात आडवी ठेवायची, म्हणजे तिला ठेचकाळल्याशिवाय आत जाता येणार नाही. ही युक्ती टॅमसिनची होती आणि तिचा तिला फार अभिमान होता.

आईबापांसाठी डोरीन वेगळा तास घेई. त्या तासाला तिने व्हर्नाला सांगितलं, की आठवण एकदाच करून द्यायची, तीही मुलीने मागितली तर, आणि मग गप्प बसायचं. व्हर्नाने विचारलं, की आपण गप्प बसलो आणि भोपळा मेला तर?

"तर मेला. भोपळा आहे गं तो, नातवंड नाही."

व्हर्नाला हसू आलं, पण गप्प बसणं तिला फार जड गेलं. ती वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणारी बाई होती. दिवसभर लोकांना औषधांची आठवण करून देणं हे तिचं पोटापाण्याचं काम, आणि घरी आल्यावरही तिची जीभ त्याच कामावर असे.

बी खिडकीत रुजली, जूनमध्ये रोप बाहेर गेलं, वेलाने अंगण बळकावलं. जुलैच्या सुरुवातीला पहिलं मादी फूल उमलायची वेळ आली. शाळेच्या बससाठी जिचं पांघरूण ओढावं लागे, ती मुलगी त्या दिवशी उजाडायच्या आत वेलापाशी गुडघे टेकून बसली होती. तिने नर फुलाच्या पाकळ्या सोलल्या, आतला परागांचा दांडा मादी फुलात अलगद फिरवला आणि चिखलाच्या पायांनी थेट आईच्या बिछान्यापर्यंत आली.

"लग्न लागलं, आई. लग्न लागलं."

बाकीची फळं काढून तिने एकच ठेवलं. ते आधी लिंबाएवढं होतं, मग चेंडूएवढं झालं, आणि ऑगस्टात तर असं फुगायला लागलं की ऊन लागू नये म्हणून घातलेली जुनी चादर आठवड्यात अपुरी पडली. शेजारीपाजारी कुंपणावरून डोकावू लागले. टॅमसिनचा बाप लॉर्न शिंपले पकडणाऱ्या बोटीवर कामाला असे. समुद्रावरून त्याचा फोन आला की तो आधी भोपळ्याची चौकशी करी.

आणि नेमकं तेव्हाच टॅमसिनला होड्यांचं वेड लागलं. भोपळा पाण्यावर कसा बसेल हे शोधता शोधता ती होड्यांच्या बुडाच्या आकारांपर्यंत पोचली आणि तिथेच रमली. तिच्या खोलीत पुठ्ठ्याच्या होड्यांचा खच पडला. जेवायला हाक मारली तर ऐकू येईना. दारातली झारी ओलांडून जायची आता तिच्या पायांना सवय झाली होती. बाहेर उन्हाची लाट आली होती आणि पाणी कोणीच घालत नव्हतं.

एका दुपारी व्हर्ना कामावरून आली तर वेलाची मोठाली पानं मिटलेल्या छत्र्यांसारखी लोंबत होती. तिने पाण्याचा पाइप उचलला, नळावर हात ठेवला, आणि तशीच उभी राहिली. मग तिने दुसऱ्या हाताने डोरीनला फोन लावला. आपण आता पाणी घालणार आहोत, कोणी काही म्हणो, असं ती जवळजवळ रडत म्हणाली.

डोरीनने ऐकून घेतलं. पाणी घालू नकोस, रागावूही नकोस, जाऊन नुसती तिच्याजवळ बस, असं ती म्हणाली. काही माणसांना काम सुरू करायला शेजारी दुसरं माणूस लागतं. त्याने मदत करायची नाही, बोलायचं नाही, फक्त असायचं. आपणही घरखर्चाची कामं बहिणीला समोर बसवूनच उरकतो, असं डोरीनने कबूल केलं.

व्हर्ना वर गेली. पुठ्ठ्यांमध्ये मांडी घालून बसलेल्या मुलीला तिने एवढंच सांगितलं, की मी बागेत घेवड्याच्या शेंगा मोडत बसणार आहे, येतेस का? टॅमसिन काहीशी बुचकळ्यात पडून खाली आली. पानं दिसली आणि तिचा चेहरा उतरला.

"मी अशीच आहे," ती म्हणाली. "मला कशाला काही करू देता तुम्ही?"

व्हर्नाच्या ओठांवर दहा वर्षांची उत्तरं येऊन थांबली. ती उपड्या बादलीवर बसली आणि तिने एक शेंग मोडली. मग दुसरी. टॅमसिन थोडा वेळ हुंदके देत उभी राहिली. मग तिने नाक पुसलं आणि नळ सोडला.

सकाळी पानं पुन्हा ताठ उभी होती. टॅमसिनने खिडकीतून पाहिलं आणि ती अनवाणीच बाहेर पळाली. त्या दिवसापासून व्हर्ना रोज संध्याकाळी बादलीवर बसू लागली. कधी शेंगा, कधी विणकाम. टॅमसिन मुळांना पाणी देई, देठाला ताण पडू नये म्हणून वेल सरकवी आणि बोलत असे. होड्यांबद्दल बोले, शाळा संपल्यावर काय करायचं याची वाटणारी धास्तीही सांगे. इतकी वर्षं सूचना देण्याच्या घाईत आपण या पोरीचं बोलणंच ऐकलं नव्हतं, हे व्हर्नाच्या ध्यानात आलं आणि तिला रडूही आलं, आनंदही झाला.

शर्यतीच्या दिवशी ऊन लख्ख होतं. आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने पट्ट्यांत बांधून भोपळा उचलला तेव्हा अख्खी गल्ली जमली होती. टॅमसिनने तो आधी उथळ पाण्यात तरंगत सोडला, आपसूक कुठली बाजू वर येते ते पाहिलं आणि तिथेच झाकण कापलं. बसायची जागा तिने इतरांपेक्षा खूप खोल कोरली, वजन खाली राहावं म्हणून. लॉर्न नेमका सुट्टीवर आला होता. तो आणि व्हर्ना कोपरापर्यंत गराने माखले.

तळ्याकाठी तंबू लागले होते, व्हायोलिनसारखं फिडल वाजत होतं, माशांच्या दाट सुपाचा वास सुटला होता. भोपळे पाण्यात ओळीने डुलत होते. कर्ण्यावरून स्पर्धकांची नावं पुकारायला सुरुवात झाली, आणि टॅमसिनने आजूबाजूला पाहिलं. वल्हं नव्हतं. ते घरी ओसरीला टेकून उभं होतं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. व्हर्नाला तो चेहरा पाठ होता. त्याच्यामागोमाग दार आपटायचं, आणि मग महिनाभर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. लॉर्न काहीतरी बोलायला निघाला होता, तिने त्याचा दंड घट्ट धरला.

टॅमसिनने डोळे मिटले. अशा वेळी काय करायचं याची तिने डोरीनबरोबर कितीदा तालीम केली होती. ती स्वतःशीच, पण मोठ्याने म्हणाली, "काय नाही ते नंतर. काय आहे?"

तिने डोळे उघडले आणि ती वळून पिकअपकडे धावत सुटली. लॉर्नच्या गाडीत मागच्या हिवाळ्यापासून बर्फ लोटायचं रुंद फावडं पडून होतं. ते खांद्यावर टाकून ती परत आली तशी लोकांत हशा पिकला. कर्ण्यावरचा माणूस म्हणाला, की क्राऊसबाई रस्ता मोकळा करायला निघाल्यात.

भोंगा वाजला. पहिल्याच फटक्यात निम्मे भोपळे जागच्या जागी गरगरू लागले. लांब वल्ही घेतलेले लोक एका बाजूने ओढत आणि गोल फिरत. एक सजवलेला भोपळा राणीच्या मुकुटासकट उलटला. टॅमसिन गुडघ्यांवर खोल बसली होती, काठावरून नुसतं डोकं आणि हात दिसत होते. डावीकडे एक, उजवीकडे एक, असं तिचं फावडं पाणी कापत होतं आणि भोपळा नाक उचलून सरळ चालला होता. तिच्यापुढे एकच जण उरला: हॅरिस अर्न्स्ट, होड्या बांधणारा म्हातारा, गेली कित्येक वर्षं ही शर्यत जिंकत आलेला.

मुलगी आता ना गर्दीकडे बघत होती, ना फिडलकडे. तिचं लक्ष पाण्यावरून जराही ढळत नव्हतं. अंतर कमी होत गेलं. व्हर्ना धक्क्यावर धावत होती, ओरडत होती, काय ओरडत होती ते तिलाही कळत नव्हतं. शेवटच्या टप्प्यात दोन्ही भोपळे एकमेकांना घासले, म्हातारा तिच्याकडे बघून हसला, तिने फावडं पूर्ण बुडवून ओढलं, आणि तरीही अर्न्स्टचा भोपळा हातभर आधी शेवटच्या खुणेच्या दोरीला लागला.

टॅमसिन दुसरी आली. तिने फावडं हवेत उडवलं आणि कमरेएवढ्या गार पाण्यात उडी मारली. लॉर्न बूट न काढताच तिला उचलायला आत शिरला.

व्हर्ना मागे वळली तर कोणाच्या तरी गाडीच्या टपावर उभी राहून एक ठेंगणी बाई दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होती. डोरीन होती. महामार्गावरून भलत्याच फाट्याला वळल्याने तिला उशीर झाला होता आणि तिने फक्त शेवट पाहिला होता. पडद्याबाहेर त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. दोघींनी एकमेकींना मिठी मारली.

टॅमसिन टॉवेल गुंडाळून सूप पीत होती, तेवढ्यात हॅरिस अर्न्स्ट तिचा भोपळा वाकून आतून बघून आला. एवढं खोल कोरायचं कोणी शिकवलं, असं त्याने विचारलं. मग टॅमसिन जी सुटली ती थांबेचना. बूड, तोल, पुठ्ठ्याच्या होड्या, सगळं एका दमात. म्हातारा मान तिरकी करून ऐकत राहिला. हिवाळाभर शनिवारी माझ्या कारखान्यात ये, एक लाकडी होडी बांधायची आहे, पगार देईन, असं तो म्हणाला.

व्हर्नाने तोंड उघडलं. मुलगी कशी आहे हे त्याला आधीच सांगायला हवं होतं. पण टॅमसिन तिच्या आधी बोलली.

"मी येईन. पण एक सांगते. मला एडीएचडी आहे. तोंडी सांगितलेली चार कामं माझ्या डोक्यात राहत नाहीत. एकेक काम द्या आणि एकदा करून दाखवा. मग मी सोडत नाही."

अर्न्स्टने तिच्याकडे नीट पाहिलं. "माझा डावा कान गेलाय," तो म्हणाला. "काही विचारायचं असेल तर उजव्या बाजूला येऊन विचारायचं. जमेल?"

"जमेल."

"मग चल, लाकूड दाखवतो. जवळच आहे."

आणि ती गेली. ओल्या कपड्यांनी, टॉवेल खांद्यावर, म्हाताऱ्याच्या उजव्या बाजूने, हातवारे करत. व्हर्ना, लॉर्न आणि डोरीन तिघं पाण्यात उभ्या त्या अवजड भोपळ्याकडे बघत राहिले. तो आता बाहेर कोण काढणार, असं लॉर्नने विचारलं. डोरीनने बाह्या वर केल्या आणि व्हर्ना हसत हसत पाण्यात उतरली.