दुखण्याचं वय

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रश्न रत्नाला होता. पण रत्ना स्ट्रेचरवर कुशीला वळून, दात आवळून पडली होती आणि तिच्या उशाशी तिची सासू बायडाबाई उभी होती. बायडाबाई सोबत असताना दवाखान्यात दुसरं कुणी तोंड उघडत नसे.

"लई वर्सं झाली, सायेब," बायडाबाई म्हणाली. "लगीन हून आली तवापासनं हिची कंबर धरतीय. सात-आठ वर्सं तर झालीच. रातरात झोप न्हाई पोरीला. आन परवा भाताचा भारा डोक्यावर घिऊन बांधावरनं पडली, तवापासनं उजवं पाऊलच उचलंना."

"सात-आठ वर्षं?"

"जास्तच म्हना, कमी न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली आणि समोरच्या कॉम्प्युटरवर टाइप करायला घेतलं. रत्नाला काहीतरी सांगायचं होतं. परवा सकाळपर्यंत ती दोन हंडे घेऊन चढ चढत होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तेवढ्यात कमरेतून कळ निघाली आणि तिचं बोलणं कण्हण्यातच विरलं. बायडाबाईने तिचा हात दाबला. गप राहा, मी बघते, असा त्याचा अर्थ.

"मणक्यातली गादी सरकली आहे. नस दबलीय," डॉक्टर म्हणाले. "पाय वाचवायचा तर दोन-तीन दिवसांत ऑपरेशन करावं लागेल. उशीर झाला तर पाऊल असंच लोंबकळत राहील. इन्शुरन्स आहे का?"

"हाय!" दाराशी उभा असलेला सुभाष एवढ्या जोरात म्हणाला की बाहेरच्या बाकावरची माणसंही वळून बघायला लागली. रत्नाचा नवरा तो. राजुरीच्या एका व्यापाऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. मोठ्या खाजगी दवाखान्यात ताठ मानेने 'हाय' म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ.

आता बायडाबाई खोटं का बोलली, ते सांगायला हवं. तिला खोटारडी म्हणणाऱ्याने एकदा सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिवस काढावा आणि मगच तोंड उघडावं.

तळेघरच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. भात, नाचणी आणि पायपीट, एवढंच तिथलं आयुष्य. तिचा नवरा गेणभाऊ अतिशय सरळ माणूस. छातीत दुखायला लागलं तेव्हा तो पुण्याच्या सरकारी दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांनी विचारल्यावर म्हणाला, "चार दिस झालं, जरा भरून येतंय." डॉक्टरांच्या समोर शंभर माणसं होती. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्याला हाक मारली. पुढचा माणूस बेरकी होता. वर्षभर दुखतंय, डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणाला. त्याला लगेच आत घेऊन मशीन लावलं. बायडाबाईने हे डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या खेपेला तीही तसंच बोलली. मग तपासण्या झाल्या, नसा तुंबल्याचं कळलं आणि तारीख मिळाली. तारखेच्या दिवशी मशीन बंद होतं. नवी तारीख मिळाली. ती यायच्या आत, भाताची लावणी चालू असताना, गेणभाऊ चिखलातच बसला आणि परत उठला नाही.

नवरा गेला आणि बायडाबाईच्या हाती एवढं एक शहाणपण राहिलं. ताज्या दुखण्याला कुणी विचारत नाही. दुखण्याचं वय वाढवून सांगायचं. मग वाडीत कुणीही आजारी पडलं की लोक म्हणत, बायडाबाईला संगं न्या. झुंबरबाईचं गुडघ्याचं दुखणं तिने बारा वर्षांचं केलं, कुणाचा तरी खोकला तीन वर्षांचा. पदर खोचून ती डॉक्टरपुढे उभी राहायची आणि खरोखरच नंबर लवकर लागायचा. वाडीवर तिचा केवढा मान होता!

सुभाषने मात्र बाप गेल्यावर वेगळा रस्ता धरला. पेठच्या प्रतिभाताई विम्याचं काम करत. त्यांच्याकडून त्याने घरातल्या तिघांची पॉलिसी काढली. तीन दिवाळ्यांत घरात नवा कपडा आला नाही, पण हप्ता चुकला नाही. "आपल्याला रांग नको," तो म्हणायचा. "बाप रांगेत घालवला. आता कार्ड दाखवायचं आन आत जायचं."

कार्ड दाखवलं. आतही घेतलं. रत्नाला स्वच्छ चादरीची कॉट मिळाली, खिडकीतून नाशिक रस्त्यावरच्या गाड्या दिसत होत्या. बायडाबाई कॉटशेजारी खाली चटई टाकून बसली. तिला इतकं बरं वाटत होतं की तिने शेजारच्या कॉटवरच्या बाईलाही सांगितलं, "बोलायला लागतं बाई. बोललं तर डॉक्टर ऐकत्यात."

संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं. नामंजूर.

प्रतिभाताई स्कूटरवरून धावत आल्या. काउंटरवर बोलल्या, फोनवर बोलल्या, मग वॉर्डात येऊन बायडाबाईच्या शेजारी चटईवर टेकल्या.

"मावशी, सात-आठ वर्षांपासून कंबर दुखतेय असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगितलं."

"अहो, पण का?"

"मंग काय परवापासनं म्हनू? परवाच्या दुखन्याला कोन इचारतंय?"

प्रतिभाताईंनी कपाळाला हात लावला. "मावशी, पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची. दुखणं आठ वर्षांचं. म्हणजे आजार आधीचा आणि आपण तो लपवला, असा त्याचा अर्थ होतो. ते आता एक रुपया देणार नाहीत."

बायडाबाईला कळायला वेळ लागला. ती एकदा प्रतिभाताईंकडे, एकदा सुनेकडे बघत राहिली. मग उठली आणि पळतच डॉक्टरांच्या केबिनकडे गेली. मागे सुभाष.

"सायेब, ते खोटं व्हतं. मी खोटं बोलले. पोरगी धडधाकट व्हती. परवाच पडली. ते खोडा तेवढं."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते खुर्चीतून उठले, बायडाबाईला बसायला सांगितलं. "आजी, तुम्ही सांगितलं ते मी लिहिलं. ते कंपनीकडे गेलं. आता मी खोडलं तर मीच खोटा ठरेन. पैसे भरून ऑपरेशन करायचं असेल तर उद्या सकाळी करतो."

त्यांनी आकडा सांगितला. सुभाषने तो ऐकला आणि खाली बघितलं. घरदार आणि खाचरं विकली असती तरी दोन-तीन दिवसांत तेवढे पैसे उभे राहणारे नव्हते.

"पुण्याच्या सरकारी दवाखान्यात न्या मग," डॉक्टर म्हणाले. "पण लगेच न्या."

आणि इथे सुभाष अडला. "तिथं बाप घालवलाय मी," तो म्हणाला. "बायको घालवायला न्हाई न्यायची." त्याला राग आला होता, भीती वाटत होती, आणि तीन वर्षं हप्ते भरलेल्या माणसाचा हट्टही होता. प्रतिभाताईंनीही धीर दिला, की आजींचं प्रतिज्ञापत्र करू, मी वरपर्यंत भांडते, चार दिवसांत निकाल लागेल. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांनाही तसंच वाटत होतं.

रत्नाला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी बायडाबाई घोडेगावला वकिलासमोर उभी राहिली. 'मी डॉक्टरांना खोटी माहिती दिली' असं वकिलाने मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिने खाली अंगठा उठवला. आजूबाजूला ओळखीचे चेहरे होते. तिने पदर पुढे ओढला नाही.

मग फोनची रांग सुरू झाली. रांग टाळायला विमा काढला आणि सुभाष पिकअपच्या टपाला टेकून तासन्‌तास कानाला फोन लावून उभा राहायला लागला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगायची आणि गाणं वाजायचं. चाराचे आठ दिवस झाले, आठाचे पंधरा. रत्नाचं दुखणं हळूहळू कमी झालं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पाऊल मात्र तसंच होतं. ते खालीच झुकलेलं राहायचं.

शेवटी एक दिवस फोनवर माणूस आला. पोरगाच असावा, नम्र बोलत होता. सुभाषने स्पीकर लावला.

"सर, प्रतिज्ञापत्र पाहिलं. पण आजी एकदा सांगतात आठ वर्षं आणि एकदा सांगतात काहीच नव्हतं. त्या तेव्हा खोटं बोलल्या की आता, हे आम्ही कसं ठरवायचं?"

बायडाबाई चुलीपुढे बसून हे ऐकत होती. तिला फोनमध्ये शिरून त्या पोराचे पाय धरावेसे वाटले. "आता खरं बोलतीय रे, लेकरा," ती म्हणाली. पण तोवर फोन बंद झाला होता.

सुभाषने फोन खिशात ठेवला. "बाबा गेलं तवा आख्ख्या वाडीला शिकवत फिरलीस, वाढवून सांगा म्हून," तो आईकडे न बघता म्हणाला. "आता माज्या घरात वाढवून ठेवलंस."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा आणि उठायचा.

आता सरकारी दवाखान्याशिवाय वाट उरली नव्हती. पुण्याला जायच्या दिवशी त्याला मालकाने सुट्टी दिली नाही. याआधीच खूप झाल्या होत्या. म्हणून पहिल्या एसटीने सासू-सून दोघीच निघाल्या. हातात काठी, एक हात सासूच्या खांद्यावर, असं करत रत्ना सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पोहोचली. रांग जिन्यापर्यंत आली होती. गेणभाऊच्या वेळी होती तशीच. दोघी भिंतीला टेकून खाली बसल्या, रांग सरकली की सरकायच्या. दुपारी भाकरी सोडली, तेव्हा बायडाबाईने आपला वाटाही रत्नापुढे सरकवला.

नंबर आला तेव्हा टेबलामागे एक तरुण डॉक्टरीण होती. सकाळपासून तिलाही पाणी प्यायला सवड मिळालेली दिसत नव्हती.

"किती दिवस झाले?"

"आत्या, तुमी बोला की," रत्ना हळूच म्हणाली.

बायडाबाईने मान हलवली. तिने पदराचा बोळा तोंडावर धरला होता. दवाखान्यात आपल्याला कधी शब्द सापडणार नाही, असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. काय बोललं की पोरगी वाचते आणि काय बोललं की बुडते, हेच तिला आता कळेनासं झालं होतं.

मग रत्नाच बोलली. "भाताचा भारा घिऊन पडले. वीस-बावीस दिस झालं. त्याच्या आदी कायच नव्हतं."

डॉक्टरणीने पिनेचं टोक पावलाला लावलं. "कळतंय?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई."

"बोटं वर उचल बघू."

रत्ना पायाकडे बघत राहिली. खूप जोर लावत असणार, कारण तिच्या कपाळावर घाम आला. बोटं हलली नाहीत.

"पहिल्या दोन-तीन दिवसांत यायला हवं होतं," डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज कोरडा नव्हता, थकलेला होता. "ऑपरेशनने कमरेचं दुखणं जाईल. पाऊल परत येईल असं मी सांगू शकत नाही. आणि आता इमर्जन्सी राहिली नाही, म्हणून तारीख घ्यावी लागेल." तिने दोन महिन्यांनंतरचा दिवस सांगितला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतीच्या प्रवासात रत्ना खिडकीशी बसली होती. मंचर मागे पडल्यावर ती म्हणाली, "आत्या, मनाला नका लावून घिऊ. तुमी माज्यासाठीच बोलल्यात."

बायडाबाईला वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तळेघरला उतरल्या तेव्हा उन्हं डोंगराआड गेली होती. वाडीवर जायला चढच चढ. या चढावर रत्ना भरल्या हंड्यानिशी चालायची, बोलत, हसत, मागच्या बायकांना चिडवत. आता ती काठीवर नजर ठेवून एकेक पाऊल टाकत होती. डावा पाय पुढे जायचा आणि उजवा मागून फरफटत यायचा. बायडाबाई मुद्दाम मागे चालत होती, तोल गेलाच तर धरता यावं म्हणून.

वळणावर ती दम खायला जरा टेकली आणि उठली तेव्हा वाटेत तिला चप्पल पडलेली दिसली. रत्नाचीच, उजव्या पायाची. तिने वर बघितलं. रत्ना थोडी पुढे गेली होती, अनवाणी पाऊल मुरमावरून ओढत. अंगठ्याची कातडी सोलून रक्त आलं होतं. तिला पत्ताच नव्हता.

बायडाबाईने चप्पल उचलून पदराखाली घेतली आणि धापा टाकत तिला गाठलं.

"थांब जरा," ती म्हणाली. तिने वाकून पदराच्या टोकाने अंगठा पुसला, चप्पल पावलात सरकवली आणि आपल्या अंबाड्याची रिबन सोडून ती घोट्याभोवती घट्ट बांधायला लागली.

रत्नाला यातलं काहीच कळलं नाही. तिला फक्त आपल्या पायाशी वाकलेली सासू दिसली.

"आत्या! आवो, ह्ये काय करता? तुमी माज्या पाया पडायच्या व्हय? उठा आदी."

चप्पल सुटली होती, एवढंच सांगायचं होतं. बायडाबाईने ते सांगितलं नाही. रिबनीची गाठ मारून झाली तरी तिने हात काढले नाहीत.