रत्नप्रभा भुवनचा कठडा

मीराने जिन्याला स्टीलचा कठडा बसवला, इथवर ठीक होतं. पण नंतर तिने नारळ फोडला आणि खोबरं थेट घरमालकाच्या हातावर नेऊन ठेवलं. कोकणातल्या माणसांची ही खोडच. घरात नवा मिक्सर आला तरी हळदकुंकू लावल्याशिवाय त्याचं बटण दाबायचं नाही, आणि प्रसादाला आपला-परका करायचा नाही. मालक अनिरुद्ध राऊतने खोबरं चघळत विचारलं, "कसला प्रसाद, वहिनी?" हिने अभिमानाने सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी त्याची तक्रार महापालिकेत गेली.

अंधेरीतलं रत्नप्रभा भुवन वारसा इमारतींच्या यादीत होतं. कोरीव खांब, रंगीत काचा, सागवानी जिना. मीराला त्या यादीचं कौतुकच होतं. नवरी होऊन ती याच जिन्याने वर आली होती. पण जिना शिडीसारखा उभा, आणि धरायला काही म्हणजे काही नाही. नवऱ्याला, कुंडलिकला, अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो वरच्या खोलीत अडकला होता. उभा जन्म स्टुडिओत छताजवळच्या फळ्यांवर चढून दिवे लावणारा माणूस! आता गॅलरीत बसून रस्ता बघायचा. डॉक्टर म्हणाले होते, चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल.

तक्रारीमागून महापालिकेकडून रुचिरा नावाची तरुण आर्किटेक्ट पाहणीला आली. जुन्या सागवानातली ड्रिलची भोकं बघून तिचा चेहरा उतरला.

"काकू, त्या कठडा ठोकणाऱ्या फॅब्रिकेटरने खांबांची पार वाट लावली हो."

मीराला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. कठडा काढला तेव्हा खाली पडलेले स्क्रू तिने स्वतः वेचले.

"पण लाकडी कठडा करता येईल," रुचिरा म्हणाली. "स्वतःच्या पायांवर उभा राहणारा. जुन्या लाकडाला न टोचता. नकाशा मी काढून देते. अर्जावर फक्त मालकांची सही लागेल."

फक्त!

मालकाने तळमजल्यावर कॉफीचं दुकान थाटलं होतं. त्याच्या काचेच्या दारासाठी अर्ज गेला, सही झाली, परवानगी आली, दारही लागलं. आता त्याला वरच्या मजल्यावरही टेबलं मांडायची होती, आणि मीराची खोली आड येत होती. ती नकाशा घेऊन गेली तेव्हा स्वारी दुकानाबाहेरच्या बाकावर फोन बघत बसली होती.

"वहिनी, हेरिटेज आहे, उगाच कशाला हात लावायचा? आणि खरं सांगू? भाऊ काय आता खाली येत नाहीत. मग कठडा कुणाला? विरारला तळमजल्याची झकास खोली बघून देतो ना."

मीराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर त्याला अहो-जाहो करणारी ती एकदम अरे-तुरेवर आली.

"येत नाहीत काय? बस तू इथेच. उठू नकोस."

ती वर गेली आणि तिने शेजारच्या शकुला हाक मारली. शकुने मजल्यावरची सगळी दारं बडवली. रत्नप्रभा भुवनात गणपतीची मूर्ती एकटा माणूस वर नेत नाही. पायरीआड एकेक जण भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि मूर्ती हातोहात चढते. पुढच्याने 'धरलं' म्हटल्याशिवाय मागचा सोडत नाही. आज गणपती नव्हता, तरी सगळ्यांना आपापल्या पायऱ्या ठाऊक होत्या.

"काकांना उचलूनच नेऊया ना," खांद्यावर टॉवेल घेऊन आलेला सर्वेश म्हणाला.

"उचलूचा नाय!" शकु खेकसली. "गणपतीक उभो रवतस तसो रव."

कुंडलिकने जिना पाहिला आणि मान हलवली. नाही.

"अहो, मलाही भीती वाटतेय," मीरा म्हणाली. "पण तो मेला खाली बसून म्हणतोय, तुम्ही आता येत नाही."

कुंडलिकचा जबडा आवळला गेला. त्याने चांगला हात पुढे केला. सर्वेशने तो पकडला. "धरलं!"

मीरा पाठीमागे, त्याच्या कमरेला लुगड्याचा पट्टा बांधून. पाय उचलायचा, चाचपडायचा, टेकवायचा. धरलं. पुन्हा धरलं. मध्येच त्याचा पाय घसरला आणि मीराने पट्टा मागे खेचून धरला. शकुने त्याचा दंड आवळला, त्याला एक सणसणीत शिवी घातली आणि म्हणाली, "हळू. पळून जायचा आसा काय?" कुंडलिक हसला. वाकड्या तोंडाने, घामाने निथळत, पण हसला. मीराला रडू येत होतं आणि रडायला हात मोकळे नव्हते.

ते अंगणात आले. कॉफी पिणारी पोरं उठून उभी राहिली. अनिरुद्धही उठला, आणि कुंडलिक त्याच्या बाकावर जाऊन बसला. मीराने नकाशा आणि अर्ज मालकापुढे धरला.

त्याने हात मागे घेतला. "हे नाटक किती दिवस चालणार, वहिनी?"

झटक्यानंतर कुंडलिकचे शब्द तुटक यायचे. मीरालाही अर्धे ओळखावे लागत. ती त्याच्या वतीने बोलणार, इतक्यात त्याने तिला हाताने थांबवलं.

"रोज," तो म्हणाला. अख्खा शब्द, स्वच्छ.

अनिरुद्धने वळून जिन्याकडे पाहिलं. आत कुणीही आपली पायरी सोडली नव्हती.