सातव्या वाटीचं गुपित

मी बोलतोय, नायगावच्या शेवंतीच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा. स्टीलचा, गोल, पोटात सात वाट्या. लालबागच्या दुकानात माझ्या झाकणावर टकटक करत 'चि. सौ. कां. शेवंती हिस मामाकडून' असं नाव घातलं आणि मी तिच्याबरोबर चाळीत सासरी आलो.

वीस वर्षं हळद, तिखट, मोहरी, हिंग सांभाळला. मग एकदा फळीवरून असा आपटलो की झाकणच वाकडं झालं. मसाल्याला हवा लागायला लागली. म्हटलं, संपलं, आता भंगारवाला! पण शेवंतीनं मला घासूनपुसून कपाटात ठेवलं आणि वाट्यांत पैसे घातले. दुधाची, गॅसची, लाइट बिलाची, औषधांची, गावाला जायची आणि मासळीची. मधली सातवी 'पुढचं पुढे'ची.

नियम एकच. एका वाटीनं दुसरीकडून उसने घ्यायचे नाहीत. दुकानात उधारी तर नाहीच नाही. हिंगाचा वास मात्र माझ्या अंगातून काही केल्या जाईना. बाजारातली कोळीण नोट नाकाला लावूनच ओळखते, "ही शेवंतीची गो!"

तिचा मुलगा सुशांत कुरिअरच्या ऑफिसात आहे. त्याचे सगळे पैसे मोबाइलमध्ये. चहा स्कॅन, वडापाव स्कॅन, आणि वीस तारीख उलटली की, "आई, शंभर असतील?" पण पोरगा मायाळू हो! चादरी पिळून पिळून आईचं मनगट सुजायचं, ते त्याला बघवेना. यंदा चाळ सोडून आम्ही नव्या टॉवरमध्ये आलो, तसा तो म्हणाला, "वॉशिंग मशीन घेऊया. हप्त्यावर. आज सही, उद्या मशीन."

"आणि परवापासून तुझा पगार दुसऱ्याचा. सातवी वाटी भरू दे."

"तोवर तुझा हात राहील का?"

शेवंतीनं मनगट चोळलं. शेवटी ठरलं. गणपतीच्या आत वाटी भरली तर रोख. नाही भरली तर सुशांतनं खुशाल सही करावी, ती चकार शब्द काढणार नाही.

मग काय विचारता! सुशांत घरून डबा न्यायला लागला, चहा एकावर आला. रोज संध्याकाळी नोटा आणून माझ्या मधल्या वाटीत कोंबायचा. मला नुसत्या गुदगुल्या! पण गणपती आठवड्यावर आले आणि अजून दोन हजार कमीच.

सुशांतचा हात लाइट बिलाच्या वाटीकडे गेला.

"हात काढ!" शेवंती ओरडली. पोरगा हिरमुसला. म्हणाला, "मग उद्या सही करतो."

तेव्हा शेवंतीचे मालक आनंदा, रिटायर कंडक्टर, खुर्चीतून उठले. मासळी म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. श्रावणात घरात मासळी बंद, म्हणून ती वाटी तेवढी तुंबते, आणि गणपती गेले की त्या पैशांची सुरमई येते. तिची वाट ते आषाढापासून बघत असतात.

"मासळीच्या वाटीतले घ्या."

"उसने नाही हं," शेवंती म्हणाली. "दिले तर दिले. परत मिळायचे नाहीत."

आनंदांनी वाटी उचलून तिच्या हातात ठेवली. "दिले गो! तुझ्या हातापेक्षा सुरमई मोठी काय?"

मला अगदी भरून आलं.

मशीन रोखीनं आलं. नोटा मोजताना दुकानदार दोनदा शिंकला. आनंदा मशीनसमोर खुर्ची टाकून टीव्ही बघावा तसे बसले. शेजारी शेवंती, हात मांडीवर. "आता या हातांनी करू काय?" म्हणाली आणि हसता हसता रडली.

गणपती गेले. रविवारी आनंदा मुकाट्यानं वरणभातावर बसणार, तोच सुशांत दारात. हातात पिशवी, पिशवीतून सुरमईचं शेपूट बाहेर.

"कार्डावर आणलीस काय रे?" शेवंती कडाडली.

"रोख!" म्हणत त्यानं खर्चून उरलेली पन्नासची नोट पुढे केली. तिनं ती नाकाला लावली. हिंग!

तिनं वळून माझ्याकडे बघितलं. मशीन आल्यापासून पोरगा माझ्या रिकाम्या सातव्या वाटीत तिच्या नकळत चहा-वडापावचे पैसे टाकत होता.

तुमच्याही घरी पोचे पडलेला एखादा डबा असेल, तर भंगारात देऊ नका हो. माझं झाकण वाकल्यापासून कधी धड लागलं नाही, पण बापाची सुरमई येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.