मोटारी बंद ठेवण्याचा ठराव

फोन वाजला तेव्हा लीलाबाई अप्पारावांच्या उघड्या डोळ्यांवरून हात फिरवत होत्या. पापण्या नीट मिटल्या, मग त्यांनी फोन उचलला.

"मावशी, पाणी सोडलंय. अडीच तास राहील," लाइनमन सांडूनं सांगितलं आणि ठेवूनही दिला. घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती. अप्पारावांचा श्वास थांबून पाच मिनिटं झाली होती.

हर्सूलच्या पुढच्या या वसाहतीत माणूस एक वेळ घरच्या लग्नाची तिथी विसरेल, पाण्याचा वार विसरणार नाही. आठव्या दिवशी नळ येतो. मागच्या पाळीला पाइप फुटला आणि तोही आला नाही, म्हणजे आज सोळावा दिवस. सांडूनं लीलाबाईंना कळवायचं आणि लीलाबाईंनी बेचाळीस घरांना, हे काम रहिवासी मंडळानं त्यांच्याकडे देऊन नऊ वर्षं झाली होती. मोबाइलवर मंडळाचा ग्रुप होता, पण तिथं सुप्रभातवाल्यांचीच एवढी झुंबड की पाण्याचा निरोप कुणाच्या नजरेस पडत नसे. लीलाबाईंचा फोन मात्र कुणी चुकवायचं नाही.

आणि मंडळ तर अप्पारावांचंच. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर घरोघर चपला झिजवून त्यांनीच ते उभं केलं होतं. चार वर्षांपूर्वी गल्लीतल्या कडुबाची आई नेमकी पाण्याच्या दिवशी वारली. दारात तिरडी बांधणं चाललेलं आणि गल्लीभर पाणी खेचणाऱ्या मोटारींची घरघर. हौद भरून वाहतोय असं कळल्यावर दोघं जण खांदा बदलून चक्क घरी पळाले. त्या दिवशी अप्पाराव जेवले नाहीत. पुढच्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये बैठक घेऊन त्यांनी ठराव मांडला, की वसाहतीत मयत झाली तर अंत्ययात्रा निघेपर्यंत कुणीही मोटार लावायची नाही. पाणी गेलं तर गेलं, मेलेल्या माणसाला एवढा तरी मान मिळाला पाहिजे. ठराव एकमतानं झाला, आणि नंतर दोनदा लोकांनी तो पाळलाही.

आजही पाळला असता. कुणी ब्र काढला नसता, आणि लीलाबाईंना तेच जड जात होतं. मुलगा संघपाल पुण्याहून येईपर्यंत दुपार टळणार, तोवर पाणी येऊन निघून जाणार. पुढं पुन्हा आठ दिवस, आणि ते एप्रिलचे. समोरच्या विशाखाला बाळ होऊन नऊ दिवस झाले होते. काल तिची सासू एक कळशी मागायला आली, तर तिला अर्धीवरच पाठवावं लागलं होतं.

लीलाबाई उशाशी बसल्या. एका हातात फोन, दुसरा अप्पारावांच्या छातीवर.

"मोडते तुमचा ठराव," त्या हळूच म्हणाल्या. "रागवायचं तर रागवा."

मग त्यांनी पहिला नंबर लावला. पाणी आलंय, मोटार लावा. पाणी आलंय, मोटार लावा. नऊ वर्षं घोटलेले शब्द, ते आपले आपण तोंडातून बाहेर पडत होते. मध्येच आवाज फाटतोय असं वाटलं तेव्हा त्या खोकल्या. लोक घाईत होते, बहुतेकांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. फक्त मंडळाचे अध्यक्ष रामकिसन यांना विचारपूस केल्याशिवाय राहवत नसे.

"अप्पा कसे हायेत आज?"

"झोपलेत," लीलाबाई म्हणाल्या.

अप्पारावांबद्दल उभ्या संसारात कुणाशी खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ.

गल्लीत एकेक मोटार सुरू होत गेली. लीलाबाईंनी अप्पारावांचे पाय सरळ केले, हात जुळवून ठेवले, हनुवटीखाली उपरण्याची घडी सरकवली. बुद्धांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायला त्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. भरदिवसा मेणबत्ती दिसली तर खिडकीतून कुणीही ओळखलं असतं. संघपालचा नंबर दोनदा काढून त्यांनी फोन खाली ठेवला. त्याला कळवलं तर तो आधी शेजारीच कुणाला तरी धाडणार. पोराला बापाची खबर आपण उशिरा देतोय, हे त्यांच्या जिवाला फार लागलं.

पाण्याच्या दिवशी बायको माझी नसते, असं अप्पाराव चारचौघांत सांगून हसायचे. आज अडीच तास लीलाबाई त्यांच्याजवळून हलल्या नाहीत. त्या नुसत्या त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. कपाळ गार होत गेलं.

साडेबाराला मोटारी एकामागून एक थांबल्या. विशाखाच्या गच्चीत दुपट्यांची दोरी भरली होती. लीलाबाईंनी आधी संघपालला फोन केला, मग मेणबत्ती लावली आणि दार उघडून शेजारच्या आवडाबाईंना हाक मारली.

"अप्पा गेले. आत्ताच."

बघता बघता गल्ली गोळा झाली. रामकिसन ओल्या पायजम्यानिशीच धावत आले. बायांनी लीलाबाईंना भिंतीशी बसवलं. आवडाबाईंनी अंघोळीचं पाणी तापवायचं आपल्याकडे घेतलं आणि बादली उचलून त्या मोरीत गेल्या.

विहाराजवळच्या फळ्यावर बातमी लिहायची होती. रामकिसन खिशातून कागद काढून जवळ बसले.

"वहिनी, टाइम काय लिवू?"

लीलाबाईंनी तोंड उघडलं. फोनवर बेचाळीस वेळा चाललेला आवाज आता फुटेना. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

मोरीतला नळ फुसफुसून थांबला होता. आवडाबाईंनी पिंप उघडलं, ते कोरडं. त्या मागच्या दारी गेल्या आणि त्यांनी हौदाचं झाकण सरकवलं. तळाला बोटभर गाळ. मोटारीची वायर गुंडाळून खिळ्याला जशीच्या तशी लटकत होती. सोळा दिवसांनी पाणी आलं, साऱ्या वसाहतीनं भरलं, आणि सगळ्यांना सांगणाऱ्या बाईनं घरची मोटार लावलीच नव्हती. ठराव आवडाबाईंनाही पाठ होता. आवाज न करता त्यांनी झाकण परत बसवलं.

रिकामी बादली घेऊनच त्या आत आल्या.

"साडेबारा लिवा," त्या रामकिसनना म्हणाल्या. "पाणी गेल्यावर गेले. मी इथंच व्हते की."

रामकिसननी लिहून घेतलं आणि ते बाहेर माणसांत गेले. आवडाबाईंनी सुनेला जवळ बोलावून घरून चार हंडे आणायला सांगितलं, मागच्या दारानं, गाजावाजा न करता. मग त्या लीलाबाईंना खेटून बसल्या.

"पावणेदहाला गेले गं," लीलाबाई कुजबुजल्या.

"कळलं मला," आवडाबाई म्हणाल्या. "आता रड."