चौथ्याचा नंबर

ज्या वर्षी धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी ऑपरेटरचे डोळे उतरणीला लागले. बाळांना बघायला तो दवाखान्यात गेला तेव्हा दोघांतलं कोण रडतंय हे त्याला आवाजावरून कळलं, तोंडावरून नाही. तोंडाच्या जागी करडा डाग होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. मधली नजर जाणार, कडेची राहणार. वर्ष सरता सरता समोरचं माणूस चेहऱ्यावरून ओळखू येणार नाही. "बघायचं काही राहिलं असेल तर बघून घ्या," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय राहिलंय हो तुमचं बघायचं?" तिला वाटलं, हा आता समुद्र म्हणेल.

"हेराचे सिनेमे," तो म्हणाला. "सगळे. पहिल्यापासून."

"जन्मभर तेच तर दाखवलेत."

"दाखवले. बघितले कुठं?"

तेही खरंच होतं. गावातल्या एकुलत्या एक थेटरात तो मशीन चालवायचा. केबिनच्या भिंतीला हातभर झरोका, त्यातून पडदा दिसायचा. पण एक रीळ चालू असताना दुसरं मशीनवर चढवायचं, संपलेलं उलटं गुंडाळायचं, आणि पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका उमटला की दुसरं मशीन सुरू करायचं. ठिपका चुकला तर पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. त्यामुळं हेर कुणाचं चुंबन घेतोय की कुणाचा गळा दाबतोय, याच्याशी ऑपरेटरला देणंघेणं नव्हतं. त्याचा डोळा कोपऱ्यात.

हेराच्या सिनेमांची ही मालिका तीसेक वर्षं चालली. हेर तोच, नट बदलत गेले. गाव म्हातारं झालं, हेर काही झाला नाही.

सिनेमाच्या तबकड्या बायकोच्या धाकट्या भावानं मिळवल्या. हा भाऊ शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मेहुण्याच्या वशिल्यानं त्यानं प्रत्येक सिनेमा पहिल्या रांगेत बसून फुकटात बघितला होता, आणि त्यामुळं हेराच्या बाबतीत आपला शब्द शेवटचा, असा त्याचा समज होता. शनिवारी दुपारी दुकान बंद करून तो यायचा, ताईच्या हातचा चहा घ्यायचा आणि तबकडी लावायचा.

सिनेमा संपला की त्याचा नंबर ठरायचा. तबकड्यांच्या डब्यांची चळत कपाटावर होती. वरचा डबा सगळ्यांत भारी, तळाचा टाकाऊ. नव्यानं बघितलेला डबा कुठं घुसवायचा यावर तासभर खडाजंगी.

"गोठलेल्या बंदराचा दुसऱ्या नंबरावर?" मास्तर म्हणायचा. "दाजी, त्या कोटाच्या खांद्यात झोल आहे. असला कोट घालून हेर पळेल कसा?"

"तुम्ही सिनेमा बघता की मापं घेता?"

"आणि तुम्ही काय बघता? इतका वेळ उजव्या कोपऱ्याकडं टक लावून बसलात. तिथं आता ठिपका येत नाही, दाजी. निवृत्त झालात तुम्ही."

खरंच, त्याची नजर आपोआप तिकडं जायची. गंमत अशी की त्यानं त्याचं भलंच झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वस्तूकडं सरळ बघू नका, शेजारी बघा, म्हणजे डाग शेजारी जाईल आणि वस्तू कडेच्या नजरेत येईल. इतरांना ही सवय लावायला महिने लागतात. त्याला लागलेलीच होती. "आंधळा मागतो एक डोळा," बायको म्हणाली, "आणि तुम्हाला मिळाला कोपरा."

एकदा तिनं धूळ पुसताना चळत खाली घेतली आणि वाटेल तशी परत रचली. दोघे मेहुणे आठवडाभर एकमेकांवर संशय घेत राहिले. तिनं ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मी रचलीय ती. आणि तुमच्यापेक्षा बरी रचलीय." बघितलं तर बंदराचा सिनेमा तळाला होता. मास्तर म्हणाला, ताईला कपड्यातलं कळतं.

चौथा सिनेमा त्यांनी मुद्दाम मागं ठेवला होता. धरणाचा. त्याचा नंबर आधीच ठरलेला, पहिला. गावात कुणालाही विचारा. त्यात एक तारबाई असते, हेराला तारेनं चोरून निरोप पाठवणारी. शत्रू तिला धरणावर गोळी घालतात, ती कोसळते, अख्खं थेटर हळहळतं. आणि पुढच्याच रिळात बाई हॉटेलात खिडकीशी बसून कॉफी पितेय, हसतेय, कुणीतरी पियानो वाजवतंय. कशी वाचली, काही सांगत नाहीत. गोळी खोटी होती, मरण हे नाटक होतं, हे ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. मग शेवटी हेर एकटाच रस्त्यानं निघून जातो, तिला तिच्या जगात सुखी ठेवून. असा डोकेबाज सिनेमा पुन्हा झाला नाही, असं मास्तर शिवणयंत्रावर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

पण गोड घास शेवटी ठेवण्यात वेळ गेला. चौथ्याचा शनिवार आला तेव्हा डाग वाढला होता. ऑपरेटरला रंग दिसत, हालचाल दिसे, माणसं विरघळल्यासारखी दिसत. मास्तर शेजारी बसून सांगू लागला.

"आता तारबाई आली. निळा झगा, कमरेत छान बसलाय."

"झगा राहू दे रे," बायको म्हणाली. "रडतेय का हसतेय ते सांग त्यांना."

"हसतेय. हॉटेलात आहे. कॉफी."

ऑपरेटरनं मान वळवली. "हॉटेल? आत्ता?"

पियानो वाजत होता. नंतर धरणाच्या पाण्याचा आवाज, पळणारे बूट, गोळी. मास्तर गप्प झाला. पडद्यावर एकट्या माणसाची पावलं वाजू लागली आणि पाठोपाठ शेवटचं संगीत आलं.

"पुढं काय?" बायकोनं विचारलं.

"पुढं काही नाही, ताई. संपला."

"म्हणजे ती मेली?"

ऑपरेटर बोटं मोजल्यासारखी हलवत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. बायकोला वाटलं, रडतोय. तो हसत होता.

"रिळांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या," तो म्हणाला. "वितरकाकडूनच उलट्या चिकटून आल्या असणार. सहाव्यावर सात, सातव्यावर सहा. मी आपला आकडा बघून चढवत गेलो. महिनाभर रोज तीन खेळ, आणि एक माणूस तक्रार करायला आला नाही."

"तक्रार कसली? आम्ही टाळ्या वाजवल्या," मास्तर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं ना. "मग हा सिनेमा साधाच निघाला, दाजी. बाई मरते, हेर जातो. असले छप्पन्न आहेत. सहाव्या नंबरावर टाकू?"

चौथ्याचा डबा मास्तरच्या हातात होता. ऑपरेटरला एवढंच ठाऊक होतं की डोळ्यांत आता फार तर एका सिनेमाची धुगधुगी आहे, आणि हा तो नव्हे ज्यासाठी ती राखली होती.

"मास्तर, रिमोट घ्या," तो म्हणाला. "धरणापासून लावा. ती पडली की मागं जा, हॉटेल लावा. मग शेवट."

"आपल्या थेटरासारखं?"

"आपल्या थेटरासारखं."

मास्तरला जमता जमेना. एकदा एकदम सुरुवातीलाच गेला, एकदा भलत्याच बंदुकीवर. बायकोनं रिमोट हिसकावून घेतला आणि भावाला म्हणाली, तू नुसता सांग. गोळी वाजली, बाई कोसळली, आणि तिनं बरोबर जागी मागं नेलं.

पियानो सुरू झाला. ऑपरेटरनं पडद्याच्या कोपऱ्याकडं डोळे लावले. डाग तिकडं सरकला आणि पडद्याच्या मधोमध, कडेच्या नजरेत, खिडकीचा उजेड आणि त्यात एक निळं काहीतरी उमटलं. दुसरं मशीन सुरू करायला जावा तसा त्याचा हात वर गेला, खाली आला.

"सांगू का?" मास्तर म्हणाला.

"नको. कप उचललाय तिनं."

तिघं शेवटापर्यंत बसून राहिले. चौथ्याचा डबा बायकोनंच चळतीच्या वर ठेवला, आणि त्यावर वाद झाला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, मास्तर झोपेतच वारला. ऑपरेटर त्याच्यामागं चार वर्षं जगला आणि थंडीच्या शेवटी गेला. बायको अजून आहे.