पाय लागू द्यावा

"आखडलास! पुन्हा पाय आखडलास. ये वर."

बिंदुमाधवशास्त्री संकठा घाटाच्या बुडालेल्या पायरीवर छातीभर पाण्यात उभे राहून ओरडले. वरच्या अंगाने उताणा वाहत आलेला दत्तात्रेय त्यांच्यापासून हातभर अंतरावर वळला होता. तो कसाबसा पायरी धरून उभा राहिला. न्यायशास्त्र शिकण्यासाठी वाईहून काशीस येऊन त्याला चारच महिने झाले होते.

"गुरुजी, आपल्या छातीवर लाथ कशी मारू?"

"मारायची नाही, लागू द्यायची. मी वाटेत आहे. तू धारेत आहेस."

नाव बांधून बसलेला म्हातारा मल्लाह खो खो हसला. "का पंडितजी, रोज लात खाए क सौक हौ का?"

"हौ भाई, सौक हौ," शास्त्री म्हणाले. पण ते हसले नाहीत.

तो काळ इंग्रजी अमलाचा. राजघाटचा लोखंडी पूल होऊनही तीसपस्तीस वर्षे लोटली होती. भाद्रपदात पूर ओसरू लागला, की काशीतली दक्षिणी मंडळी अहिल्याबाई घाटावर गंगेत उतरत आणि धारेबरोबर वाहत खाली पंचगंगा घाटाला लागत. नव्यांना तयार करण्याचे काम शास्त्रीबुवांकडे असे. सकाळी तासभर पाणी, मग दिवसभर पाठशाळेत रघुवंश आणि अमरकोश. एवढेच त्यांचे आयुष्य. पाण्याची रीत ते संथा दिल्यासारखी घोकून घेत. उतरण्याआधी वरच्या अंगाला पाहावे. जो आधी धारेत, वाट त्याची. मग तो लहान असो वा थोर. नवख्याने काठाच्या बाजूस राहावे, जाणत्याने पात्राच्या. दोघांत तीन होड्यांच्या लांबीइतके अंतर असावे. आगबोटीचा भोंगा ऐकला, की काठ धरावा. आणि दमलेल्याने उताणे होऊन, पाय पुढे करून वाहावे. म्हणजे जे आडवे येईल ते डोक्याऐवजी पायांना लागेल.

या सगळ्याच्या शेवटी ही परीक्षा असे. शास्त्रीबुवा स्वतः आडवे उभे राहत आणि शिष्याने त्यांच्या अंगावर पाय आदळून सरळ पुढे जायचे. पुष्कळजण लाजत, नंतर पाया पडत. पण पाय लावीत. असे का, हे कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

"पुन्हा," ते म्हणाले.

दत्तात्रेय वरच्या पायऱ्यांवरून पुन्हा धारेत शिरला. उताणा झाला, पाय पुढे आले, समोर गुरुजींची पांढरी छाती दिसली, आणि जन्मभराचा संस्कार अंगातून उसळला. त्याने पाय पोटाशी घेतले आणि हात मारून तो पात्राच्या बाजूस वळला. तिथल्या ओढीने त्याला क्षणात आत नेले. मल्लाहाचे हसू मावळले. त्याने नाव सोडून वल्हे लांबवले. दुसऱ्या खेपेस दत्तात्रेयाच्या हाती ते लागले.

पायरीवर आणून बसवल्यावर त्याने हात जोडले. "क्षमा करा, गुरुजी. मला हे जमायचं नाही. थोरांना पाय लावून मला पलीकडचा काठही नको."

शास्त्रीबुवांनी वर पाहिले. चार पायऱ्या वर त्यांच्या पत्नी सीताबाई स्नान उरकून तांब्या घासत बसल्या होत्या. शब्द न् शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत होता. शास्त्रीबुवांनी एकदा मान खाली घातली.

"माझा मुलगा विष्णू असंच म्हणाला असता," ते म्हणाले. "म्हणायला त्याला वेळ मिळाला नाही."

तांब्या घासण्याचा आवाज थांबला.

"बारा वर्षं झाली. मी इथं देवीला नमस्कार करायला थांबलो होतो. पाठशाळेची वेळ टळत होती, म्हणून घाईनं उडी टाकली. वरच्या अंगाला पाहिलं नाही. जे साऱ्यांना शिकवतो, तेच मी केलं नाही, दत्तू. वळून बघतो तर विष्णू पाय पुढं करून माझ्यावर येतोय. वाट त्याची होती. त्यानं पाय आखडले. मला पाय लागू नये, म्हणून तो आत वळला. माझ्याकडं बघत होता; चुकल्यासारखा बघत होता. चूक माझी, आणि चेहरा त्याचा पडलेला. तिसऱ्या दिवशी पुलाच्या खांबापाशी..."

मल्लाह नावेची दोरी उगाच सोडत आणि बांधत राहिला.

"थोरांना पाय लावू नये, हे त्याला मीच शिकवलं. पाण्यात थोर कोणी नसतो, हे शिकवायचं राहिलं." ते पुन्हा बुडालेल्या पायरीवर जाऊन उभे राहिले. "जा. वरून ये."

या वेळी दत्तात्रेयाने डोळे मिटले नाहीत. पाय ताठ ठेवले. टाच बरगडीवर अशी बसली, की शास्त्रीबुवा दोन पावले मागे कोलमडले. आणि तो न वळता, काठ न सोडता, सरळ खाली वाहत गेला.

"हां!" ते खोकत म्हणाले. "असंच. असंच जायचं."

सीताबाई तोवर उठून गल्लीत दिसेनाशा झाल्या होत्या.

शास्त्रीबुवा घरी पोहोचले, तेव्हा चुलीवर हळद आणि तूप कढत होते. सीताबाईंनी पाट मांडला. ते उघडे बसले. उजव्या बरगडीवर टाचेचा ठसा जांभळा पडला होता.

"बारा वर्षं मला सांगत आलात, त्याला भोवऱ्यानं ओढलं," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी चुलीवरच्या वाटीतली हळद ढवळली.

"दुखतंय?"

"नाही गं."

"दुखू द्या," त्या म्हणाल्या आणि वाटी उतरवली.

विष्णूसाठी खडावा करवायच्या, तेव्हा सुताराला सांगण्यापुरते माप त्या बोटांनीच घेत. टाचेपाशी चार बोटे आडवी ठेवीत. हळदीने माखलेली तीच चार बोटे त्यांनी त्या जांभळ्या ठशावर आडवी ठेवली. माप तेवढेच भरले. लेप निवत गेला, तरी त्यांनी हात उचलला नाही.